निधी आला म्हणतात, पण ठराव कोणी केला?

(असोदा येथील बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं आवरून छापत आहोत.)



बैठक असोद्याला कशाला ठेवली, असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. असोदा काही जंगलातलं गाव नाही. जळगाव शहराच्या जवळचं, काळ्या जमिनीचं, भरिताच्या वांग्यांसाठी नाव असलेलं गाव. बहिणाबाईंचं माहेर. पण इथल्या आणि आसपासच्या वावरांमध्ये सालदार कोण आहेत? कापूस वेचायला, केळीचे घड वाहायला कोण येतं? यावल, रावेर, चोपड्याच्या पाड्यांवरची आपलीच माणसं. पेरणीपुरती वर डोंगरात, बाकी वर्षभर इथे खाली. वर पाड्यावर ग्रामसभा भरते तेव्हा हीच माणसं नसतात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात, आणि दाव्यांवर ठराव करायचा तर दावेदारांपैकी निम्मे तरी समोर बसलेले लागतात. माणसं असोद्यात आणि सभा डोंगरात, मग कोरम कसा भरणार? म्हणून आम्ही ठरवलं की या खेपेला बैठकच खाली न्यायची.

आता विषयावर येतो. सरकारकडे पैसा नाही असं कोणी म्हणू नये. पाण्याला पैसा आहे, झाडाला आहे, शहरातल्या बागेला आहे, आणि आता हवामान बदलालाही आहे. शब्द नवा आहे, गोष्ट आपण भोगतोच आहोत. मृग कोरडा जातो, मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडतो आणि पेरलेलं वाहून जातं. मोहाची फुलं पडायच्या वेळी गारपीट होते. तेव्हा या पैशाची गरज आपल्याला नाही असं नाही, सगळ्यात जास्त आपल्यालाच आहे. भांडण पैशाशी नाही. तो कोणाच्या नावानं येतो आणि कोणाच्या वावरात उतरतो, यावर आहे.

पोकराचं घ्या. कागदावर नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ पासून सुरू झाला, जागतिक बँकेच्या कर्जाचा मोठा वाटा, बाकी राज्याचा. जळगाव जिल्हा पहिल्या टप्प्यापासून त्यात आहे. शेततळं, ठिबक, फळबाग. यातलं काही वाईट नाही. पण अर्ज भरायला बसलं की पहिला प्रश्न सातबारा आणि आठ-अ. दुसरी अट अशी की काम आधी स्वतःच्या पैशानं करा, बिलं जोडा, मोका तपासणी होईल, मग अनुदान खात्यावर जमा. ज्याच्या हातात नुसती दाव्याची पोच आहे तो पहिल्याच पायरीवर थांबला. ज्याला पट्टा मिळाला तो दुसऱ्या पायरीवर अडकतो, कारण ठिबकचे पैसे आधी भरायचे तर ते सावकाराकडूनच येणार. भूमिहीनांसाठी शेळ्या-कोंबड्या आहेत, त्या जरूर घ्या. पण पंचवीस-तीस वर्षं जो माणूस नांगर धरतोय त्याला केवळ कागद नाही म्हणून भूमिहीन म्हणायचं आणि शेळी द्यायची, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

जलयुक्त शिवारावर फार बोलत नाही. डिसेंबर २०१४ ला सुरू झालं, ९,६०० कोटींच्या वर खर्च झाला, आणि २०२० साली महालेखापालांनी लिहून दिलं की भूजल वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही. नंतर दुसरा टप्पाही आला. मशीन लावून नाला खोल केला की फोटो चांगला येतो. पाणी कुठे मुरतं हे पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईला विचारलं असतं तर तिनं फुकट सांगितलं असतं.

खरी गोष्ट कॅम्पाची आहे, ती नीट समजून घ्या.

खाण, धरण, रस्ता यासाठी जंगल दिलं जातं तेव्हा घेणाऱ्याला सरकारकडे पैसे भरावे लागतात. तोडलेल्या जंगलाची किंमत आणि दुसरीकडे झाडं लावायचा खर्च. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हे पैसे वर्षानुवर्षं साठत गेले. २०१६ साली कायदा झाला, २०१८ साली नियम झाले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना वाटले. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८०० कोटींहून जास्त आले. म्हणजे हा पैसा कोणाच्या मेहेरबानीचा नाही. कुठल्या तरी पाड्याचं जंगल गेलं त्याची ती किंमत आहे.

ती खर्च कुठे होते? एक वाट शहराकडे जाते. ५ जून २०२० ला केंद्राने नगर वन योजना जाहीर केली, २०० शहरांत वन करायचं, नमुना पुण्याच्या वारज्याचा. पैसा कॅम्पाच्या राष्ट्रीय निधीतून, हेक्टरी ४ लाख. शहरातल्या माणसाला सावली नको असं आम्ही म्हणत नाही. जळगावच्या लांडोरखोरीच्या वनोद्यानात सकाळी फिरायला जाणारी माणसं आपली दुश्मन नाहीत. शहराच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या पोरांनाही बाग हवीच. पण बागेचे पैसे नगरपालिकेनं, महापालिकेनं आपल्या करातून काढावेत. डोंगरातलं जंगल गेल्याच्या भरपाईतून शहरात बाग होणार असेल, तर डोंगरातल्या माणसाला एकदा विचारायला नको का?

दुसरी वाट आपल्याकडे येते, आणि ती जास्त जपून बघण्यासारखी आहे. ती रोपवन म्हणून येते. मोकळी जमीन नकाशात शोधतात. नकाशात मोकळी दिसणारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा कोणाचं तरी वावर असतं, नाहीतर पाड्याची गुरं चरायची जागा. एका पाड्यावर उन्हाळ्यात घरचे लोक इकडे कामाला आलेले असताना मशीन आलं आणि ज्वारीच्या वावरात सलग समतल चर खोदून गेलं. पाणी अडवायचं काम म्हणून. पाऊस पडला, चरात पाणीही साचलं. पण त्या कुटुंबानं दोन पिढ्या दगड वेचून घातलेले बांध त्यात उखडले गेले.

बांध गेला म्हणजे नुसती माती गेली नाही, पुरावा गेला. वनहक्क नियमांतला तेरावा नियम वाचा, नाहीतर पोराकडून वाचून घ्या. पुराव्यात नुसते कागद नाहीत. घर, झोपडी, जमिनीची केलेली सपाटी, घातलेले बांध, बंधारे, हे सगळे पुरावे म्हणून धरायचे आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण इथे कसत होतो हे तो दगडांचा बांध सांगतो. त्याच्या जागी चर आला की उद्या मोजणीला येणारा माणूस लिहिणार, 'येथे रोपवन आहे'. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणाला हटवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. माणसाला हटवता येत नाही म्हणून जमिनीचं रूप बदलायचं, असा हा प्रकार होतो.

तेव्हा या उन्हाळ्यात प्रत्येक दावेदारानं आपल्या बांधाचे, विहिरीचे, मोहाच्या जुन्या झाडाचे फोटो काढून ठेवावेत. मोबाईल कोणाचाही चालेल. फोटोत माणूस उभा करा, आणि मागं ओळखू येईल असा डोंगर किंवा नाला येऊ द्या.

कॅम्पाच्या नियमांत ग्रामसभेचं नाव आहे का? आहे. वनजमिनीवरची कामं ग्रामसभेशी किंवा वन व्यवस्थापन समितीशी सल्लामसलत करून आणि वनहक्क कायद्याला धरून करायची, असं लिहिलंय. पण शब्द बघा, सल्लामसलत. संमती नाही. आणि 'किंवा' बघा. ग्रामसभा नको असेल तर समिती चालते, आणि समितीच्या पाच-सहा सह्या मिळवायला किती वेळ लागतो हे आपण जाणतो. कोरा कागद घेऊन कोणी आलं आणि 'गावाच्या फायद्याचं आहे, सही करा' म्हणालं, तर दादा, चहा पाजा आणि सांगा की सही सभेत होते, घरात होत नाही.

इथे एका मावशीनं विचारलं, मग झाडं लावूच द्यायची नाहीत का? मावशी, झाडं आपल्यालाच हवी आहेत. मोह, चारोळी, आवळा, अंजन लावा. अंजनाचा पाला दुष्काळात गुरांना तारतो. पण कुठलं झाड आणि कुठल्या जागी, हे पाड्यानं ठरवायचं. तसा अधिकार कलम ३(१)(झ) मध्ये आहे, सामूहिक वनसंपत्तीचा हक्क म्हणतात तो. तो दावा ज्या पाड्यांनी अजून टाकलेला नाही त्यांनी वैयक्तिक दाव्यांच्या मागं लागून तो विसरू नये. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ साली १९३ हेक्टरवर हा हक्क मिळाला. आधी हक्क, मग आराखडा, मग रोजगार हमीतून चर आणि झाडं. तीच कामं, तोच पैसा, पण ठरवणारं गाव. सीताफळ विकून ग्रामसभेच्या खात्यात पैसे येऊ लागले.

जवळचं उदाहरण साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल त्या गावानं राखलं, चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची वाट संयुक्त वन व्यवस्थापनाची, आपल्या वाटेहून वेगळी, आणि त्यावर आपल्यात वाद होऊ शकतो. पण तिथे गावानं कुऱ्हाडबंदीचे नियम आधी केले आणि सरकारी योजना मागाहून आल्या, हे कोणी नाकारू नये.

पाण्याच्या कामांना 'वनजमीन आहे, परवानगी नाही' असं उत्तर मिळतं. ते पूर्ण खरं नाही. कलम ३(२) मध्ये तेरा सोयी लिहिल्या आहेत. शाळा, अंगणवाडी, रस्ता, आणि त्यातच तलाव, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, पावसाचं पाणी साठवायची बांधकामं, लहान कालवे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, आणि ग्रामसभेची शिफारस, एवढ्यावर हे काम होतं. दिल्लीला जावं लागत नाही. आणि सोळावा नियम म्हणतो की हक्क मान्य झालेल्यांना जमीन सुधारणेच्या, मूलभूत सोयींच्या सगळ्या सरकारी योजना मिळाल्या पाहिजेत. पट्टा हातात असलेल्यानं पोकराच्या कार्यालयात हा नियम लेखी दाखवावा आणि पोच घ्यावी.

शेवटचा मुद्दा मोठ्या पाण्याचा. १० मे २०२५ ला भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी मेगा रिचार्जचा करार केला. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड थर आहे, डोंगरातलं पाणी तिथे खाली उतरतं आणि रावेर-यावलच्या केळीला मिळतं. उपसा एवढा झाला की विहिरी खोल गेल्या. आता तापीचं पाणी नेऊन तो थर भरायचा आहे. केळीवाल्यांचं दुखणं खरं आहे, आम्ही त्यावर हसत नाही. पण कालव्याची रेघ कुठून जाते, वनजमीन किती जाते, त्या रेघेवर कोणाचे दावे आहेत, हे ग्रामसभांना आधी सांगितलं पाहिजे. आणि वरचं जंगल राखून पाणी मुरवणारा जो पाडा आहे, त्याच्या स्वतःच्या हातपंपाला मे महिन्यात पाणी नसतं, याचाही हिशेब त्या हजारो कोटींत धरला पाहिजे.

ठरल्याप्रमाणे अक्षय्य तृतीयेला सगळे सालदार गावी जातात. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाड्यानं ग्रामसभा घ्यायची. मालकाकडून एक दिवस जास्त मागून घ्या, असोद्यातल्या शेतकरी भावांनी तो द्यायचं इथेच कबूल केलं आहे. ठरावाचा नमुना या अंकाच्या मागच्या पानावर आहे. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह शिक्का घ्या, आणि शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवा.