थंडीत बी, उन्हाआधी फळ
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. आता थोडा वेळ एका गुंठ्याबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, पाच एकर पऱ्हाटीनं दिलं नाही ते एक गुंठा भेदरं काय देणार? त्यानं कर्ज फिटेल असं आम्ही सांगत नाही. तसं सांगणारा माणूस बी विकायला आलेला असतो. आमचं म्हणणं एवढंच आहे. मार्च-एप्रिलात कापसाचा पैसा संपलेला असतो, बँकेचा तगादा सुरू असतो आणि आपल्याच घरची बाई आठवडी बाजारातून भाजी विकत आणते. एवढी एक गोष्ट आपल्या हातानं बदलता येते.

थंड मुलुखात लोक हिवाळ्यातच काचेआड टमाट्याचं बी टाकतात, कारण त्यांना उन्हाळा पुरत नाही. आपल्याला तो पुरून उरतो. पारा ३५-३८ अंशांच्या वर गेला की फुलातला पराग निकामी होतो, फूल गळतं. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. मार्चच्या मध्यापर्यंत फळधारणा व्हायला हवी. त्यासाठी फुलं फेब्रुवारीत, लावणी जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि बी डिसेंबरच्या सुरुवातीला. जानेवारीच्या मध्यावर बी टाकलं, तर फुलं मार्चअखेर येतात आणि उन्हात झडतात. पाणी, खत, मेहनत तेवढीच. फरक फक्त दीड महिन्याचा.

अडचण थंडीची आहे. पारा दहाच्या खाली गेला की बी उगवत नाही. म्हणून एक मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि वीतभर उंच गादीवाफा घ्या. कुजलेलं शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळा, म्हणजे रोपांची मर कमी होते. चार बोटांवर ओळी पाडून एक सेंटिमीटर खोल बी टाका. वर कामट्यांची कमान करून संध्याकाळी गोणपाट झाका, ऊन चढलं की काढा. पाणी सकाळी द्या. संध्याकाळच्या पाण्यानं वाफा रात्रभर गारठतो. तरीही उगवायला आठ-दहा दिवस लागतील, घाबरू नका. पाच आठवड्यांचं रोप लावा. त्याआधी आठवडाभर पाणी कमी करा, रोप काटक होतं.

एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया असतात. तीन फूट बाय सव्वा फूट लावणीनं गुंठ्यात २९० झाडं बसतात. दोन ग्रॅम बी पुरे. पुसा रुबी किंवा राहुरीच्या विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री असे सुधारित वाण घ्या. निरोगी झाडाचं पिकलेलं फळ निवडून पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता येतं. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका.

पाण्याचंही गणित करा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे गुंठ्याला १०० लिटर. फेब्रुवारीत दिवसाला ४००-५०० लिटर लागतं, एप्रिलात ६००-७००. विहिरीत तेवढं असेल तरच हात घाला. बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरा. पश्चिमेला मक्याच्या दोन ओळी घ्या, गरम वारा अडतो.

कापूसवाल्यांनी दोन वैरी ओळखून ठेवावेत. टमाट्याची पानं चुरडणारा रोग पांढरी माशी पसरवते, आणि ही माशी आपल्या पऱ्हाटीवर पोसलेली असते. वाफ्यावर बारीक नायलॉन जाळी घाला. चुरडलेलं झाड दिसताच उपटा, पिवळे चिकट सापळे लावा. दुसरी हिरवी बोंडअळी. बोंड पोखरते, तूर-हरभऱ्याची घाटी पोखरते आणि टमाटंही पोखरते. कडेनं झेंडू लावा, रोप टमाट्याच्या आधी टाकलेलं असावं. अळीची मादी त्यावर अंडी घालते. पाच टक्के निंबोळी अर्क घरी करा. आधाराला तुराट्या घ्या. पऱ्हाट्या आणू नका, वाळल्या बोंडात गुलाबी अळी लपलेली असते.

आता भावाचं. ही चूक आम्ही स्वतः केली आहे. एका गावात आम्ही घरोघरी अर्धा-अर्धा एकर लावायला सांगितलं. पीक उत्तम आलं, आणि सगळं एकाच आठवड्यात आलं. क्रेटचं भाडंही निघालं नाही. लोक आम्हाला काही बोलले नाहीत, पण पुढच्या बैठकीला निम्मेच आले. पिकवायचं शास्त्र आम्ही शिकवलं होतं, विकायचा विचार केला नव्हता.

सरकारकडे डोळे लावू नका. २०२३ च्या जुलैत टमाटं शंभरीपार गेलं, तेव्हा शहरांत स्वस्त विक्रीच्या गाड्या उभ्या राहिल्या, ऑगस्टमध्ये नेपाळहून आयात झाली. पुढे भाव कोसळले, तेव्हा शेतकऱ्यासाठी तशी धावपळ झाली नाही. टमाट्याला हमीभावही नाही.

म्हणून गुंठा एके गुंठा. झाडामागे एक किलो धरला तरी तीन क्विंटल होतात. घरी खा, गावात विका, उरलेल्या फोडी चैत्राच्या उन्हात वाळवा. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी सीताशेती आणि माजघरशेती सांगितली, ती हीच वाट. गुंठ्याचा पैसा घरच्या लक्ष्मीच्या हाती राहू द्या.

उठण्यापूर्वी गावागावानं दोन गोष्टी ठरवा. बी कोण आणणार, आणि कोणत्या घरानं कोणत्या आठवड्यात टाकायचं. सगळ्यांनी एकाच दिवशी टाकू नका. मागं आमचं चुकलं ते तिथंच.