त्वचाचिकित्सेसाठीं लेसर-यंत्राची निवड

मुरुमांचे व्रण पुसावयास आलेला रुग्ण काळे डाग घेऊन परत गेला, तर दोष पुष्कळदां त्याच्या त्वचेचा नसतो. यंत्र निवडणाऱ्याचा असतो. बारामतींत जन्मलेल्या कुमार पटेल यांनीं १९६४ सालीं शोधिलेला कार्बन डायऑक्साइड लेसर त्वचेंतील पाण्याची वाफ करून वरचा थर उडवितो. परंतु त्याची धग भोंवतालीं पसरते, आणि सांवळ्या कातडीवर तिचा डाग उमटूं शकतो. एर्बियम लेसरचा किरण पाण्यांत १० पटींहून अधिक शोषला जातो, म्हणून धग उथळ राहते. मात्र रक्तस्राव थांबविण्यास ती अपुरी पडते. २००४ सालीं मांडलेल्या रीतींत किरण ठिपक्याठिपक्यांनीं सोडतात. मधली अक्षत त्वचा जखम लवकर भरून काढते. तरीहि डागांचें भय अजिबात सरत नाहीं. तात्पर्य, यंत्र घेणाऱ्या वैद्यानें शक्तीचे आंकडे नंतर पाहावेत; आपल्या दारीं येणाऱ्यांचा वर्ण आधीं पाहावा.