चालकांचा तुटवडा आणि परवान्याची अट
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



'गाडीला चालक मिळत नाही' ही तक्रार आज मालवाहतुकीच्या धंद्यातील प्रत्येक मालक करतो. ती खोटी नाही. गाडी दारात उभी, कर्जाचे हप्ते चालू आणि चाकावर बसावयास माणूस नाही, अशी अवस्था अनेक लहान मालकांवर ओढवली आहे. हे लहान मालक पुष्कळदा कालचे चालकच असतात. तेव्हा त्यांना भांडवलदार म्हणून झिडकारण्याची घाई आपण करू नये. प्रश्न आहे तो त्यांच्या नावाने सुचविल्या जाणाऱ्या उपायाचा. परवान्याच्या अटी सैल करा म्हणजे चालक मिळतील, असे शासन गेली काही वर्षे मानीत आले आहे.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार व्यावसायिक वाहनाच्या चालकाला आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक होते. मेवातसारख्या मागास भागातील तरुणांना ही अट जाचक ठरते, असे हरयाणा शासनाने केंद्राला कळविले आणि २०१९ साली केंद्राने ती देशभर रद्द केली. सुमारे २२ लाख चालकांची उणीव भासत असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. आपल्यातही काहींना हा निर्णय रुचला नव्हता. माझे मत वेगळे आहे. जे शासन मुलाला आठवीपर्यंत शाळेत टिकवू शकले नाही, त्याने त्या अपयशाची शिक्षा मुलालाच देऊन त्याच्या हातचे कामही काढून घ्यावे, हा कोणता न्याय? अट गेली ते योग्यच झाले.

पुढचे बदलही सर्वस्वी वाईट नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षांची झाली. कचेरीचे खेटे कमी झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले की, हलक्या मोटारीचा परवाना असणाऱ्याला ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याविना चालविता येईल. असा शेरा नाही एवढ्याच सबबीवर विमा कंपन्या अपघातग्रस्तांची भरपाई अडवीत. टेम्पोवाल्या गरिबाला या निकालाने खरोखरच दिलासा मिळाला.

म्हणजे दारे एकामागून एक उघडली गेली. तरीही आत यावयास कोणी तयार नाही. असे का?

याचे उत्तर कचेरीत सापडणार नाही, त्यासाठी केबिनमध्ये डोकावावे लागेल. चालकाचे वेतन पुष्कळ ठिकाणी खेपेवर ठरते. गोदामाच्या फाटकाबाहेर माल चढण्या-उतरण्याची वाट पाहत दिवस गेला, तर तो दिवस त्याचाच बुडतो. मग बुडालेले तास भरून काढण्यासाठी रात्रभर गाडी पळवावयाची. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, पण ती ५ किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांपुरती. एक-दोन गाड्यांचा मालक त्याबाहेर राहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने चालकाच्या कामाला तेच तास लावले खरे, पण ते मोजावयाचे कोणी? २०२० च्या संहितेने १९६१ चा कायदा पोटात घेतला. तास मोजणारा मात्र अजून रस्त्यावर दिसत नाही. थंड हवेची केबिन २०२५ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट. जुन्या गाडीतला माणूस मात्र इंजिनच्या धगीतच बसला आहे.

दुसरी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. आपल्याकडे मालमोटार शिकविण्याची खरी शाळा म्हणजे क्लीनरची जागा. गावातला पोरगा उस्तादाबरोबर निघे, काचा पुशी, चाक बदली, घाटात दगड लावी आणि चार-पाच वर्षांत चाकावर बसे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक हवेत, ही अट २०१८ साली सैल झाली. जुलै २०२५ मधील राज्यातल्या वाहतूकदारांच्या संपात क्लीनरची सक्ती नको, ही एक मागणी होती. एका माणसाचा पगार वाचतो, हा हिशेब मला कळतो. परंतु जो क्लीनर कमी केला तोच उद्याचा चालक होता, हे धंद्याच्या लक्षात येत नाही. पेरणी थांबवावयाची आणि पीक का नाही म्हणून विचारावयाचे!

आणि भीती. अपघात कळविल्याविना पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कारावास, ही तरतूद नव्या न्याय संहितेत आली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि दोन दिवसांत पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. पळून जाण्याचे समर्थन मी करीत नाही. पण जमावाच्या हाती सापडलेल्या चालकाचे काय होते, हे आपण सारे जाणतो. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू करताना ते पोटकलम शासनाला बाजूस ठेवावे लागले.

तुटवडा केवळ आपल्याच देशात आहे, असेही नाही. २०२१ साली ब्रिटनमध्ये हेच संकट आले, तेव्हा तेथील सरकारने मोटारीला ट्रेलर जोडण्याची वेगळी परीक्षा रद्द केली, परदेशी चालकांना काही महिन्यांचे ५००० परवाने देऊ केले. थोड्या महिन्यांसाठी घरदार सोडून यावयास फारच थोडे तयार झाले.

महाराष्ट्राला वाट बाहेरून आणण्याची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची मंडळाकडे नोंद झाली, त्याच्या मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेतली जाऊ लागली आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला. मालक बदलला तरी कामगाराचा हक्क बुडत नाही, हे त्या कायद्याचे मर्म. गाडीत पोते चढविणाऱ्याला जे मिळू शकले, ते पोती घेऊन जाणाऱ्याला का मिळू नये? चालकाची नोंद असलेले मंडळ, खोळंब्याच्या तासांचे पैसे माल पाठविणाऱ्याकडून वसूल करण्याची सोय आणि शिकाऊ क्लीनरचा काही भार त्याच निधीवर, अशी मागणी आपण सविस्तर मांडली पाहिजे. लहान मालकालाही तीत सामावून घेता येईल. खोळंब्यात तोही भरडला जातो.

त्यासाठी माहिती हवी. येत्या महिन्यात आपापल्या तालुक्यातील गोदामे आणि बाजार समित्यांच्या फाटकांवर जा. गाडी किती तास उभी होती आणि त्या तासांचे चालकाला काय मिळाले, एवढे दोनच रकाने भरावयाचे आहेत. छापील तक्ते मागे टेबलावर ठेवले आहेत. जाताना घेऊन जा.