जुने संगणकीय दस्तऐवज आणि मुक्त स्वरूप



संस्थेचे दप्तर म्हटले की लाल कापडात बांधलेल्या वह्या डोळ्यांसमोर येतात. १९९० नंतरच्या दशकात अनेक संस्थांनी सभांची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या आणि देणगीदारांची नावे संगणकावर घेतली व वही लिहिण्याची सवय सुटली. आज स्थिती अशी, की १९७० ची वही सहज वाचता येते. १९९६ ची फाईल मात्र उघडत नाही.

फ्लॉपी हे त्याचे एक कारण. सोनी कंपनीने २०११ मध्ये तिचे उत्पादन थांबविले आणि ती वाचणारे यंत्रही आता दुर्मीळ झाले आहे. परंतु फ्लॉपी वाचली गेली तरी आतील फाईलचे स्वरूप आडवे येते. वर्डस्टार, वर्डपरफेक्ट, वर्ड या प्रत्येकाची मजकूर साठविण्याची रीत निराळी, आणि ती कंपनीच्या मर्जीवर अवलंबून. २००७ मध्ये ऑफिस २००३ च्या एका सुधारणेने कित्येक जुनी स्वरूपे सुरक्षिततेच्या कारणास्तव उघडणेच बंद केले. दस्तऐवज संस्थेचा, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती!

यावर उपाय म्हणजे ओपन डॉक्युमेंट हे मुक्त स्वरूप. ओएसिस या संस्थेने ते २००५ मध्ये प्रमाण केले व २००६ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. त्याची संपूर्ण रचना जाहीर आहे. ओडीटी फाईल ही वस्तुतः एक झिप गाठोडे असते. ते सोडले की आतील मजकूर साध्या एक्सएमएल लिपीत मिळतो. लिबरऑफिस ही विनामूल्य आज्ञावली जुन्या वर्ड व वर्डपरफेक्टच्या फायली उघडते आणि वर्डच्या फायलींचा पूर्ण संग्रह एकाच वेळी ओडीटीमध्ये बदलते. येथपर्यंतचे काम एका दुपारचे आहे.

मराठीची खरी अडचण यापुढे सुरू होते. श्री-लिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाईलमध्ये ‘क’ हे अक्षर नसतेच. तेथे एखाद्या रोमन चिन्हाचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्यावर ‘क’चे चित्र काढतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ओडीटीमध्ये रूपांतर केले तरी तेच क्रमांक इमानाने पुढे जातात. म्हणून मराठी दस्तऐवजाचे रूपांतर दोनदा करावे लागते: एकदा फाईलच्या स्वरूपाचे, आणि एकदा अक्षरांचे, युनिकोडमध्ये.

जुन्या पद्धतीत ‘धर्म’ शब्दात ध, म आणि शेवटी रफार असा क्रम असे. युनिकोडमध्ये र् हा म च्या आधी येतो. पहिली वेलांटी पूर्वी व्यंजनाआधी टंकली जाई, आता ती नंतर साठविली जाते. रूपांतरकाने येथे चूक केली की यादीतील ‘निर्मला’ची ‘निमला’ होते. फॉन्टच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचे क्रमांकही जुळतातच असे नाही. त्याहून घातक प्रकार मिळकतीच्या कागदांत घडतो. सर्व्हे नंबरपुढील इंग्रजी ए हे अक्षरही मराठी समजून बदलले जाते, आणि ती चूक चटकन ध्यानात येत नाही.

यास्तव मूळ फायलींना हात न लावता त्यांची प्रत घ्यावी आणि रूपांतर प्रतीवरच करावे. नंतर एकाने जुनी छापील प्रत मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने पडदा पाहावा. या कामी तरुणांपेक्षा ज्येष्ठ सभासद अधिक उपयोगी, कारण त्यांना नावे ठाऊक असतात. काहीजण सर्व काही पीडीएफ करून मोकळे होतात. पान जसेच्या तसे दिसावे यासाठी ते ठीक. परंतु जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये देणगीदाराचे नाव शोधले तर बहुधा सापडत नाही.

प्रारंभ इतिवृत्ते आणि स्थावर मिळकतीच्या कागदांपासून व्हावा, त्यानंतर देणगीदारांच्या याद्या. निमंत्रणपत्रिकांच्या फायली शेवटी घेतल्या तरी चालतील. त्यांच्या छापील प्रती कोणाच्या ना कोणाच्या कपाटात असतातच.