शिवारातले पाखरू-बलुतेदार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



पाखरे पाहायची तर दूरच्या जंगलात जायला हवे, असा आपला समज असतो. गेल्या आश्विनात आपल्या मंडळाच्या आम्ही सातजणी भल्या सकाळी चाकणच्या पुढे, भामा नदीकडच्या शेतांत गेलो होतो. बाजरी निघाली होती, ज्वारीसाठी रान तयार होते, गवतावर दहिवर होते. दोन तासांत आम्हांला सारे गावच भेटले म्हणा ना!

कारण आपल्या वाडवडिलांनी पाखरांना गावातल्या कामांवरूनच नावे दिली आहेत. बांधावर शेपटी खालीवर आपटीत फिरतो तो धोबी. थंडीचा हा पाहुणा हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो. डोळ्यांवर काळी पट्टी असलेला खाटीक टोळ पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. तारेवरचा काळाभोर कोतवाल आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्या-घारींनाही पिटाळून लावतो. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. नाव सुगरणीचे, पण विणकर असतो नर! खोपा अर्धा झाला की मादी येऊन पाहते. पसंत पडला तरच संसार मांडते. घर पसंत करण्याचा एवढा मान आपल्यापैकी कितीजणींना मिळाला?

आता थोडे मनातले बोलते. 1954 साली पिंपरीत पेनिसिलीनच्या कारखान्याची स्थापना झाली. मग एकामागून एक कारखाने आले, 1982 मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणचे माळही यंत्रांनी भरले. त्या कारखान्यांवरच आपल्या चुली पेटल्या. त्यांना मी नावे ठेवणार नाही. परंतु मोकळे रान म्हणजे रिकामे रान, हे मात्र खरे नव्हे. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती ढेकळांसारखी दिसतात, म्हणून वाचतात. चंडोलाचे घरटेही जमिनीवरच. आपण झाडे लावतो, ते चांगलेच आहे. पण या दोघांना झाड नको, माळच हवा.

म्हणून ज्यांची गावाकडे अजून शेती आहे, त्यांनी घरी एवढेच सांगावे : बांधाचे गवत जाळू नका, उन्हाळ्यात माळाला आग लावू नका, विहिरीवरची बाभूळ राहू द्या. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांनी नोव्हेंबरातली एक सकाळ द्यावी. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात घरातल्या एका तरी मुलाला शिवारात न्या आणि धोबी, खाटीक, कोतवाल त्याच्या डोळ्यांनी पाहू द्या. पाखरू गेले, तर नुसते नाव सांगून त्याला काय कळणार?