वैमानिक आणि रक्तांतील साखर

रोज इन्शुलिन टोंचून घेणाऱ्या मधुमेही मनुष्यानें शेंदीडशें उतारूंचें विमान चालवावें काय, असें विचारलें तर बहुतेक जण ‘छे, मुळींच नको’ असेंच म्हणतील. जगांतील विमानखात्यांचेंही पुष्कळ वर्षे हेंच उत्तर होतें. इन्शुलिन सुरू झालें कीं व्यावसायिक वैमानिकाची नोकरी संपली, मग तो ऐन उमेदींत कां असेना.

ह्या बंदीचें कारण मात्र सामान्य समजुतीच्या उलट आहे. मधुमेह म्हणजे साखर वाढणें, हें घरोघर ठाऊक असतें. खात्यांना धास्ती होती ती साखर उतरण्याची. मेंदूचें मुख्य इंधन म्हणजे रक्तांतील शर्करा. इन्शुलिन थोडें अधिक झालें किंवा जेवण लांबलें, कीं ती झपाट्यानें उतरते. घाम सुटतो, हात कांपतात, विचार मंदावतो. जुन्या रोग्यांत तर घामाची व कंपाची ही पूर्वसूचनाही कधीं कधीं मिळेनाशी होते. ज्या बुद्धीनें आपली प्रकृति ओळखावयाची तीच आधीं मंद होते. म्हणून वैमानिकाच्या ‘मला बरें वाटतें’ ह्या शब्दावर विसंबून चालत नाहीं. आंकडा पाहिजे.

ब्रिटनच्या विमानखात्यानें २०१२ सालीं ह्या आंकड्यावर भरंवसा ठेवला, आणि इन्शुलिन घेणाऱ्यांना व्यावसायिक उड्डाणाचे वैद्यकीय दाखले देण्यास प्रारंभ केला. पुढें आयर्लंड व ऑस्ट्रिया हे देशही त्याच वाटेनें गेले. कामावर रुजू होण्यापूर्वीं, उड्डाणाच्या आधीं अर्ध्या तासांत, आकाशांत दर तासाला, आणि उतरण्याच्या आधीं अर्ध्या तासांत बोटाला सुई टोंचून साखर मोजावयाची. चौकांतील दिव्यांप्रमाणें आंकड्यांना रंग ठरविले. १०० मिलिलिटर रक्तांत ९० ते २७० मिलिग्रॅम साखर म्हणजे हिरवा. त्याखालीं ७२ पर्यंत पिवळा. तेव्हां दहापंधरा ग्रॅम शर्करा पोटांत जाईल असें कांहीं खाऊन अर्ध्या तासानें पुन्हां मोजावयाचें. ७२ च्याही खालीं लाल, मग विमान सहवैमानिकाच्या हवालीं करावयाचें. वरच्या बाजूचा लाल रंग मात्र ३६० च्या पुढें लागतो.

हा हिरवा पट्टा जरा निरखून पाहावा. २७० हा आंकडा पाहून आपले घरचे डॉक्टर भुंवया चढवितील. विमानांत न्याय निराळा, कारण चढलेली साखर घटकेंत घात करीत नाहीं, उतरलेली करूं शकते. परंतु ह्यांतूनच दुसरी शंका निघते, आणि मला ती अधिक गंभीर वाटते. नोकरी टिकावी म्हणून वैमानिक आपली साखर सदाच चढती ठेवील काय? तसें झाल्यास उतारू सुखरूप उतरतील, पण त्याचे स्वतःचे डोळे व मूत्रपिंडें वर्षानुवर्षे झिजत राहतील.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ह्याचें उत्तर सांपडतें. वरील तीन देशांतील ४९ वैमानिकांचीं, २२,०७८ तासांच्या उड्डाणांतील ३८,६२१ मोजमापें त्यांत तपासलीं. शेंकडा ९७.६९ हिरव्या पट्ट्यांत भरलीं. खालच्या लालांत अवघीं ४८ आणि वरच्या लालांत ६. एकही वैमानिक उड्डाणांत निकामी झाला नाहीं. आणि दोनतीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी जी रक्तपरीक्षा, तिची सरासरी दाखला मिळण्यापूर्वीं ७.० टक्के होती ती नंतर ७.२ भरली. म्हणजे धंद्यासाठीं प्रकृति गहाण पडली नव्हती.

अमेरिकेनें हौशी वैमानिकांना १९९६ सालींच मोकळीक दिली होती; व्यावसायिकांची पाळी नोव्हेंबर २०१९ मध्यें आली. तेथें त्यांच्यासाठीं कातडीखालीं बारीक तार बसवून दर थोड्या मिनिटांनीं आंकडा दाखविणाऱ्या यंत्राचा आधार घेतला आहे. वादळांत दोन्ही हात गुंतलेले असतां बोट टोंचीत बसण्यापेक्षां हें सोयीचें खरेंच. मात्र ही तार रक्तांत नसून पेशींभोंवतींच्या द्रवांत असते, आणि तेथील साखर रक्ताच्या मागून कांहीं मिनिटांनीं बदलते. आंकडा वेगानें उतरत असेल तेव्हां यंत्र जें दाखवितें त्याहून रक्तांतील साखर आणखी खालीं गेलेली असूं शकते. म्हणून सुई आणि खिशांतील साखरेच्या गोळ्या ह्या यंत्रासोबतही बाळगाव्या लागतात.