डुक्कर अंग का घासते?



आज आपण डुकराच्या कातडीविषयी बोलू. विषय साधा वाटतो. पण ज्याच्या दारात चार-सहा डुकरे आहेत, त्याच्या वर्षाच्या कमाईचा हा प्रश्न आहे. मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च, दुकानदाराची उधारी, पावसाळ्याआधी छपराचे पत्रे, हे सगळे कितीतरी घरी डुकराच्या विक्रीवरच भागते.

डुक्कर भिंतीला अंग घासते. खांबाला घासते. मागच्या पायाने कान खाजवते. आपण ते रोज पाहतो आणि म्हणतो, "डुकराची जातच तशी. ते खाजवणारच." हे म्हणणे खरे नाही. निरोगी डुक्कर चिखलातून उठले की जरा अंग घासते आणि आपल्या वाटेला लागते. जे सारखे घासते, खाता खाता थांबून घासते, त्याला काहीतरी झालेले आहे.

एक सोपी परीक्षा सांगतो. डुकरे आरामात असताना त्यांच्याजवळ पाव तास बसा. हातात घड्याळ ठेवा. दहा डुकरे असतील, तर पाव तासात सगळी मिळून किती वेळा घासतात किंवा खाजवतात ते मोजा. चार वेळा किंवा त्याहून जास्त झाले, तर खरजेचा संशय घ्या. पाटीवर आकडा लिहून ठेवा. पुढे औषध दिल्यावर पुन्हा मोजायचे आहे.

कातडीचा कुठलाही आजार दिसला की आधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. खाज आहे का? ताप आहे का? औषधाचे नाव मागाहून.

आधी खाजेचे पाहू. डुकराची खाज बहुतेक वेळा खरजेमुळे असते. खरजेचा किडा इतका बारीक, की नुसत्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. तो कातडीत बोगदे करतो आणि त्यात अंडी घालतो. अंड्यातून निघालेला किडा साधारण दोन आठवड्यांत मोठा होऊन स्वतः अंडी घालू लागतो. एका किड्याचे शंभर व्हायला मग किती वेळ लागणार?

हा किडा प्रथम कानात शिरतो. म्हणून डुकराचा कान उलटा करून आत पाहा. बॅटरीचा उजेड टाका. आत करड्या-तपकिरी, ओलसर भुशासारख्या खपल्या दिसल्या, तर खरूज समजा. पुढे ती मानेवर, पाठीवर, पायांवर पसरते. बारीक लाल पुरळ उठते. जुनी झाली की कातडी जाड होते, सुरकुत्या पडतात, केस गळतात. डुक्कर डोके इतके झटकते, की कधी कानात रक्त साकळून कान पुरीसारखा फुगतो. तो फुगलेला कान कापू नका, फोडू नका. तो हळूहळू आपोआप बसतो. कान आक्रसेल, पण डुक्कर वाचेल.

नक्की खात्री हवी असेल, तर कानातली खपली बोथट चमच्याने खरवडा, कागदाच्या पुडीत घाला आणि जनावरांच्या दवाखान्यात द्या. डॉक्टर सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहून किडा आहे की नाही ते सांगतात.

खरजेने डुक्कर लगेच मरत नाही, आणि तिथेच आपण फसतो. डुक्कर जिवंत आहे, खाते आहे, मग काळजी कसली? पण खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही. रात्रंदिवस खाजवणाऱ्या जिवाला झोप कुठली? महागाचा भरडा आपण घालतो आणि वजन मात्र वाढत नाही. बाजारात व्यापारी कातडीकडे पाहतो आणि भाव पाडतो. डुकरीण खरजेची असेल, तर पिल्ले दूध पिता पिताच तिच्याकडून किडा घेतात.

आता इलाज. गावोगाव एक इलाज चालतो : गाडीचे जळके तेल अंगाला फासायचे. हे करू नका. त्या तेलात शिसे आणि दुसरी विषारी द्रव्ये असतात. कातडी भाजते, आणि डुक्कर एकमेकांचे अंग चाटते तेव्हा ते विष पोटात जाते. रॉकेलचेही तेच. पिकावर फवारायचे औषध तर डुकराच्या अंगावर मुळीच मारू नका. किडा मरेल, कदाचित डुक्करही मरेल, आणि मारणाऱ्याच्याही नाकातोंडात विष जाईल. गंधक करंजाच्या तेलात खलून लावण्याची जुनी रीत त्यामानाने बरी. तिने थोडा आराम पडतो. पण कानाच्या खोल भागात आणि सगळ्या अंगाला ते नीट लागत नाही. एक भाग सुटला, की तिथून खरूज परत.

खात्रीचे औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. हे कातडीखाली टोचतात, कानामागे मानेजवळ. नेहमी मिळणारे औषध १ टक्क्याचे असते. त्याची मात्रा ३३ किलो वजनाला १ मिलिलिटर. वजन कसे कळणार? काटा नसेल, तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग दोन कानांच्या मधल्या जागेपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला १४,४०० ने भागा. मापे सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर ९० आणि लांबी ९० असेल, तर वजन सुमारे ५० किलो. म्हणजे औषध दीड मिलिलिटर. हिशेब तुम्ही करा, पण पहिल्या वेळी डॉक्टरांना दाखवून मगच टोचा. लहान पिल्लांची मात्रा तर त्यांनाच विचारा, कारण ती फार थोडी असते.

एक सुई देऊन काम संपत नाही. या औषधाने किडे मरतात, पण अंडी मरत नाहीत. काही दिवसांनी अंडी फुटतात आणि नवे किडे निघतात. ते अंडी घालायच्या आत दुसरी सुई द्यावी लागते. म्हणून १४ दिवसांनी पुन्हा टोचायचे. पहिल्या सुईनंतर खाज कमी होते आणि माणूस दुसरी विसरतो. तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. लिहिता येऊ लागले आहे, त्याचा असाही उपयोग!

आणि टोचायचे ते सगळ्या डुकरांना, एकाच दिवशी. खाजवणाऱ्याला द्यायचे आणि बाकीच्यांना सोडायचे, हे चालत नाही. नर बहुतेक वेळा राहून जातो, कारण तो अंगावर येतो आणि पकडायला अवघड. पण तोच प्रत्येक मादीकडे खरूज नेतो. गाभण डुकरिणीला विण्याच्या आठ-दहा दिवस आधी औषध द्या, म्हणजे पिल्ले स्वच्छ आईजवळ जन्मतील. शेजाऱ्याची डुकरे तुमच्या डुकरांत मिसळत असतील, तर शेजाऱ्यालाही बरोबर घ्या. भांडण असले तरी घ्या! खरूज कुंपण ओळखत नाही.

ज्या दिवशी टोचाल, त्याच दिवशी गोठ्यातले जुने गवत, पेंढा जाळून टाका. जमीन, भिंती, खांब घासून धुवा, वाळू द्या, मग चुना लावा. डुकराच्या अंगाबाहेर हा किडा थोडेच दिवस जगतो, पण ओल असेल तर जास्त टिकतो. विकत आणलेले नवे डुक्कर तीन-चार आठवडे वेगळे ठेवा.

औषध टोचलेले डुक्कर लगेच कापायला विकू नका. औषध मांसात राहते. किती दिवस थांबायचे ते बाटलीवर लिहिलेले असते. ते वाचा, नाही तर डॉक्टरांना विचारा. साधारण चार आठवडे धरून चाला.

एक बाई मघाशी विचारत होत्या, "डुकरांचे करता करता माझ्याच हाताला खाज येते, ते काय?" बाई, तो किडा माणसाच्या कातडीतही शिरू पाहतो. पण तिथे त्याचा संसार चालत नाही. डुकरे बरी झाली की ती खाज जाते. तोवर काम झाल्यावर साबणाने हात धुवा. राहिलीच, तर दवाखान्यात दाखवा.

खाजेचे दुसरे कारण उवा. डुकराची ऊ चांगली मोठी, तांदळाच्या दाण्याएवढी असते. कानामागे, काखेत, जांघेत पाहिले की सापडते, आणि केसांना लिखा चिकटलेल्या दिसतात. ऊ रक्त पिते, म्हणून पिल्ले फिकी पडतात. वरचेच औषध उवांनाही चालते, आणि तेही दोनदाच.

आता ज्यांत खाज नसते, त्यांचे थोडक्यात. दूध पिणाऱ्या आणि नुकत्या दूध तुटलेल्या पिल्लांच्या अंगावर कधी तपकिरी, तेलकट, चिकट थर येतो. जणू काकवी सांडली आहे. पिल्लांच्या टोकदार दातांनी एकमेकांना जखमा होतात, त्यांतून जंतू शिरतात. पिल्ले लवकर सुकतात आणि मरतातही, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्यांना पाणी पाजत राहा. दोन-चार महिन्यांच्या डुकरांना दोन्ही बाजूंना सारख्याच कोरड्या, भेगाळ खपल्या आल्या आणि खाज फारशी नसेल, तर खाण्यात जस्त कमी पडले असेल. खाण्यात चुन्याचा अंश फार झाला, तरी जस्त अंगी लागत नाही. डॉक्टरांना विचारून खनिज मिश्रण सुरू केले की काही आठवड्यांत कातडी सुधारते. पांढरी यॉर्कशायर डुकरे उन्हाने भाजतात, पाठ लाल होते. त्यांना सावली आणि चिखल द्या. आपल्या काळ्या देशी डुकराला हा त्रास कमी. गजकर्ण गोल पसरते आणि बहुधा आपोआप जाते.

सगळ्यात धोक्याचे मुद्दाम शेवटी ठेवले आहे. कातडी लाल किंवा जांभळी, आणि अंगात ताप. डुकराचा ताप थर्मामीटर गुदद्वारात घालून पाहतात. निरोगी डुकराचा पारा १०२ ते १०३ अंशांवर असतो. १०४ च्या वर गेला, डुक्कर खात नाही, एका कोपऱ्यात पडून राहते, कान, पोट, पाय जांभळे पडले, की हा कातडीचा आजार नव्हे. आजार आत आहे, कातडीवर नुसता दिसतो आहे. तिथे मलम लावत बसू नका.

यातला एक आजार बरा होतो. अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराचे, जरा उंच आलेले चट्टे उठतात. काळ्या डुकरावर ते दिसत नाहीत. पाठीवरून तळहात फिरवा, हाताला लागतात. वेळेवर पेनिसिलिन टोचले, तर बहुतेक डुकरे वाचतात. हे जंतू माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतात, म्हणून हात सांभाळा.

पण दुसरे दोन आजार फार वाईट. एक डुकरांचा जुना ताप, स्वाइन फीवर. त्याला औषध नाही, पण लस आहे. ती वेळेवर टोचून घ्या. दुसरा आफ्रिकन स्वाइन फीवर. तो आपल्या देशात प्रथम २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला, आणि मग दुसऱ्याही राज्यांत पोहोचला. त्याला औषध नाही, आणि आपल्याकडे त्याची लसही मिळत नाही. माणसाला हे दोन्ही आजार होत नाहीत. पण डुकरांचा गोठाच्या गोठा रिकामा होतो. हे दोन ताप डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, डॉक्टरांनाही नाही. रक्त तपासावेच लागते.

अशा वेळी माणूस घाबरतो आणि म्हणतो, "मरायच्या आत विकून टाकू." असे विकलेले डुक्कर दहा गावांत रोग नेते. कोणी ते स्वस्तात घेते, त्याच्याही दारातली डुकरे जातात. म्हणून एकही डुक्कर गोठ्याबाहेर काढू नका. जनावरांच्या दवाखान्यात लगेच कळवा. २००९ च्या कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारकच आहे. रोग थांबवण्यासाठी सरकारने डुकरे मारली, तर भरपाईची तरतूद आहे. रोगाने आधीच मेलेल्या डुकराची आशा मात्र धरू नका. म्हणजे उशीर करण्यात आपलेच नुकसान.

हॉटेलातले किंवा लग्नघरचे उष्टे आणत असाल, तर ते तासभर ढवळत उकळून मगच घाला. त्यात डुकराचे मांस असेल, तर रोग तिथूनच येतो. आजारी गोठ्यात गेलेल्या चपला आणि कपडे घालून दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ नका. मेलेले डुक्कर नाल्यात टाकू नका, त्याचे मांस वाटू नका. डॉक्टर येईपर्यंत कुत्र्यांपासून झाकून ठेवा. मग ते सांगतील तिथे, विहिरीपासून दूर, खोल खड्डा खणून वर चुना टाकून पुरा.